गव्हाणीतली एक काडी

नोव्हेंबर महिना सरत आला की बँकेच्या शाखांमध्ये एक वेगळीच वर्दळ सुरू होते. हातात पासबुक, पिशवीत आधार कार्ड आणि चष्म्याचे घर, सोबतीला एखादा नातू किंवा शेजारी, अशी वृद्ध मंडळी दार उघडण्यापूर्वीच पायरीवर येऊन बसतात. हे सारे निवृत्तिवेतनधारक. ‘मी अजून हयात आहे’ एवढे एकच सांगण्यासाठी ते आलेले असतात. आपल्या व्यवहाराच्या भाषेत याला ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. वर्षातून एकदा हा दाखला दिला नाही, तर पुढचे निवृत्तिवेतन थांबते.

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक वसई तालुक्यातील एका शाखेत होती. तिथे याच दिवसांत आणखी एक गोष्ट नजरेस पडे. शाखेसमोरच्या गल्लीत, केळीच्या वाड्यांमधून डोकावणाऱ्या घरांच्या ओसरीवर एकेक करून चांदणीचे कंदील लागू लागत. नाताळला अजून जवळजवळ महिना असे. मग ही एवढी आधीपासूनची तयारी कशाची, असे मी आमच्या शाखेतील ज्येष्ठ रोखपालांना विचारले. ते मूळचे तिथलेच, वाडवडिलांपासून ख्रिस्ती आणि अस्सल मराठी बोलणारे. ते हसून म्हणाले, “मॅडम, सणाची तयारी नाही ही. वाट पाहण्याची तयारी आहे. आमचा आगमनकाळ सुरू होतोय.”

त्या आगमनकाळाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, आज वाचकांशी मनमोकळे बोलावे असे वाटते.

वाट पाहण्याचा नेम

‘आगमन’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘अॅडव्हेंटस’ या शब्दाचा सरळ अर्थ आहे. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी हा काळ सुरू होतो. त्यामुळे त्याचा पहिला दिवस दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो आणि एकूण कालावधी बावीस ते अठ्ठावीस दिवसांचा भरतो. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात. जांभळा हा पश्चात्तापाचा आणि आत्मशोधाचा रंग. केवळ तिसऱ्या रविवारी, निम्मी वाट सरल्याच्या आनंदात, गुलाबी रंग वापरण्याची मुभा असते.

प्राचीन काळी हा उपवासाचा काळ होता. आजचा फ्रान्स ज्या भूमीवर वसला आहे त्या गॉल प्रांतात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत उपवास करण्याची प्रथा होती. पुढे उपवासाचा कडकपणा ओसरला आणि त्याची जागा दैनंदिन लहानसहान नेमांनी घेतली. चातुर्मासात एखादा नेम धरणाऱ्या, मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटू नये. कोणी चातुर्मासात एखादा आवडीचा पदार्थ वर्ज्य करतो, कोणी रोज एका भुकेल्याला घास देतो. नेम लहान असतो. पण तो रोज पाळायचा असतो आणि त्याचे सारे बळ त्या ‘रोज’मध्ये असते.

मराठीशी या प्रतीक्षेचे नाते फार जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी रचलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. ओवीबद्ध असलेल्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. त्यातील ‘पैले पुराण’ विश्वाच्या निर्मितीपासून सुरू होते आणि तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांची कथा सांगते; ख्रिस्तजन्म येतो तो ‘दुसरे पुराणा’त. म्हणजे ग्रंथाचा पहिला भाग हा वाट पाहण्याचाच आहे! अलीकडच्या काळात वसईचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. वसईच्या मातीत आगमनकाळाची प्रार्थना मराठीतून होते, ती अशा दीर्घ परंपरेच्या आधारावर.

चोवीस मेणबत्त्यांचे चाक

आगमनकाळाची आज सर्वत्र दिसणारी खूण म्हणजे हिरव्या डहाळ्यांचे कडे आणि त्यावरील चार मेणबत्त्या. दर रविवारी एक याप्रमाणे त्या उजळतात. या प्रथेचा उगम एका अनाथाश्रमासारख्या संस्थेत झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचे निवासगृह सुरू केले. नाताळ जवळ आला की मुले रोज एकच प्रश्न विचारून भंडावून सोडीत : ‘अजून किती दिवस?’ बालसुलभ अधीरता ती! विखर्नने १८३९ साली गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर चोवीस मेणबत्त्या बसविल्या. त्यांपैकी चार मोठ्या पांढऱ्या रविवारसाठी आणि वीस लहान तांबड्या इतर दिवसांसाठी. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, त्यामुळे हिशेब अचूक जमला. रोज एक ज्योत वाढे आणि मुलांना प्रकाशातून दिवस मोजता येऊ लागले.

जर्मन घरांमध्ये याच सुमारास दारावर खडूने चोवीस रेघा ओढून त्यातली रोज एक पुसण्याचीही पद्धत होती. त्यातूनच पुढे चोवीस दारांच्या आगमन दिनदर्शिका निघाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ड लँग या प्रकाशकाने त्या छापून लोकप्रिय केल्या. आज बाजारात अशा दिनदर्शिकेच्या प्रत्येक दारामागे चॉकलेट मिळते. मात्र कॅथलिक कुटुंबांतील एक जुनी प्रथा मला या सर्वांहून अधिक भावली. नाताळच्या गोठ्यातील गव्हाण आगमनकाळात रिकामी ठेवायची आणि घरातल्या मुलाने एखादे चांगले काम केले, की त्याने तीत पेंढ्याची एक काडी ठेवायची. नाताळच्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्याच पेंढ्यावर निजवायची. सत्कृत्ये जितकी अधिक, तितके बाळाचे अंथरूण मऊ.

आमच्या रोखपालांच्या घरी ही प्रथा पाळली जात होती. भाताच्या पेंढ्याची एक जुडी ओसरीवर ठेवलेली असे. मी थोड्या थट्टेनेच विचारले, “रोज एक चांगले काम सापडते का हो?”

ते म्हणाले, “सापडत नाही, मॅडम, शोधावे लागते. नाही सापडले, तर त्या दिवशी काडी नाही. खोटी नोंद करायची नाही. आणि टाकलेली काडी कशाची, ते कुणाला सांगायचे नाही.”

‘आजी, उद्या या’

आता माझ्या चुकीविषयी.

तारीख २९ नोव्हेंबर. दुपारचे पावणेचार वाजले होते. दिवसभरात हयातीच्या दाखल्यांची रीघ लागली होती आणि महिनाअखेरची इतर कामेही तुंबली होती. रांगेतील शेवटच्या आजी पुढे आल्या. वय शहात्तर. पतीच्या पश्चात मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर त्यांचा चरितार्थ चालत असे. मी यंत्र पुढे सरकविले. त्यांनी अंगठा ठेवला. ठसा जुळला नाही. तर्जनी ठेवली, तीही जुळली नाही. पदराने बोट पुसून पुन्हा ठेवले, तरी यंत्राचा तोच नकार. जन्मभर वाडीत माती उपसली, भाजीच्या जुड्या बांधल्या. त्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या होत्या.

डिजिटल हयातीच्या दाखल्याची ‘जीवन प्रमाण’ ही योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने लाखो वृद्धांची पायपीट वाचविली, यात शंका नाही. परंतु ठसा जुळला नाही तर कागदी नमुना भरून, निवृत्तिवेतनधारकाला समक्ष पाहून, अधिकाऱ्याने स्वाक्षरी करण्याचा मार्ग तेव्हाही खुला होता आणि आजही आहे. काम पाच मिनिटांचे. मला हे पूर्णपणे ठाऊक होते. तरीही मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हटले, “आजी, आज यंत्र घेत नाहीये. उद्या या.”

त्या “बरं, बाय” म्हणाल्या. पासबुक पिशवीत ठेवले, काउंटरच्या कडेला धरून वळल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कदाचित म्हणूनच माझ्याही मनाला काही टोचले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाखला न दिलेल्या निवृत्तिवेतनधारकांची यादी मी काढली. तिच्यात त्यांचे नाव पाहताच ती दुपार डोळ्यांसमोर उभी राहिली. खात्यावर नोंदविलेला दूरध्वनी क्रमांक बंद होता. मी रोखपालांजवळ सारे बोलून टाकले. त्यांनी दोषाचा एकही शब्द उच्चारला नाही. पत्ता वाचून ते एवढेच म्हणाले, “माझ्याच वाटेवर आहे. आज जाऊ या.”

शाखा बंद झाल्यावर आम्ही त्यांच्या स्कूटरवरून निघालो. आजी ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघे सुजले होते. दोन रिक्षा बदलून त्या त्या दिवशी शाखेत आल्या होत्या आणि परतल्यापासून त्यांना अंगण ओलांडणेही कठीण झाले होते. आम्हाला पाहून त्यांनाच संकोच वाटला. “कशाला आलात एवढ्या लांब? माझ्यामुळे बँकेला त्रास,” असे त्या म्हणत राहिल्या.

नमुना भरता भरता मी सहज त्यांच्या उशाशी पाहिले. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी तिथे होती. “गोळ्या वेळेवर घेता ना?” असे विचारताच त्या निरागसपणे म्हणाल्या, “एक दिवसाआड घेते. आता पेन्शन थांबणार, मग पुरवायला नकोत?”

वाचकहो, माझी लेखणी तिथेच थांबली. मी पाच मिनिटे वाचविली होती आणि त्याची किंमत एक वृद्ध स्त्री रोज अर्ध्या गोळीने मोजत होती. दाखला उशिरा दिला तरी थकलेली रक्कम नंतर मिळते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. सांगायचे होते ते मीच. त्या डिसेंबरचे त्यांचे निवृत्तिवेतन वेळेवर जमा झाले. निघताना त्यांनी आग्रहाने सुकेळीची एक पुडी माझ्या हातात ठेवली. वसईच्या राजेळी केळ्यांची ती उन्हात वाळवलेली मिठाई. पण त्या संध्याकाळी मला तिची चव घेववली नाही.

दिवसाचा ताळा

बँकेत दिवस संपताना रोकड जुळविल्याशिवाय कोणी घरी जात नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत आपण सारी पाने उलटतो. मात्र दिवसभरात कुणाला किती ताटकळत ठेवले, कुणाशी तुटकपणे बोललो, कुणाचे पाच मिनिटांचे काम उद्यावर ढकलले, याचा ताळा कोणत्या वहीत लागतो? सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दररोज नियमाने आत्मपरीक्षण करण्याची शिस्त घालून दिली. दिवस पुन्हा डोळ्यांपुढून सरकू द्यायचा. जे लाभले त्याबद्दल कृतज्ञ व्हायचे, जे चुकले ते ओळखायचे आणि उद्या काय सुधारता येईल ते ठरवायचे. मला त्यात दिवसअखेरच्या जुळवणीचेच दर्शन घडते. फरक एवढाच, की इथे रोखपालही आपणच आणि तपासनीसही आपणच.

दयाबुद्धी आणि बँकव्यवहार ही दोन निराळी क्षेत्रे आहेत, असे वाटणाऱ्यांनी फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन यांचे चरित्र अवश्य पाहावे. १८४६–४७ च्या हिवाळ्यात जर्मनीच्या ग्रामीण भागात उपासमार पसरली, तेव्हा ते वायरबुश या गावी महापौर होते. त्यांनी सधन गावकऱ्यांकडून पैसा उभा करून धान्य आणविले, भाकरीची भट्टी बांधविली आणि गरिबांना ऐपतीप्रमाणे नंतर पैसे देण्याच्या बोलीवर भाकरी पुरविली. त्या भाकरीच्या मंडळीतूनच पुढे १८६४ साली हेडेसडॉर्फ येथील कर्जपेढी आकाराला आली. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो याच विचारधारेच्या प्रभावातून. आणि खुद्द वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली बॅसीन कॅथलिक सहकारी बँक उभी राहिली. पतपेढीच्या पायाशी एकेकाळी एक भाकरी होती, हे आपण काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी विसरू नये.

आपल्या आवाक्यातील काड्या

आगमनकाळ ख्रिस्ती बांधवांचा असला, तरी त्यातील रोजच्या एका काडीचा नेम कोणालाही धरता येण्याजोगा आहे. त्या वर्षापासून मी तो माझ्या परीने धरते. त्यातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवते.

आम्हा कर्मचाऱ्यांसाठी : ज्याला वाचता येत नाही त्याचा अर्ज भरून द्यावा आणि काय लिहिले ते त्याला वाचून दाखवावे. ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी ते काम खरोखरच उद्याचे आहे का, हे स्वतःला विचारावे. सत्तर वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत व त्यांत हयातीच्या दाखल्याचाही समावेश आहे. ही माहिती मागितल्यावाचून द्यावी. सुरक्षारक्षकाला आणि सकाळी फरशी पुसणाऱ्या ताईंना नावाने हाक मारावी.

ग्राहक बंधुभगिनींसाठी : रांगेत मागे उभ्या असलेल्या वृद्धाला पुढे जाऊ द्यावे. आपल्या इमारतीत एकटे राहणारे आजोबा असतील, तर नोव्हेंबरात त्यांच्या दाखल्याची चौकशी करावी. बोटांचे ठसे जुळत नसतील, तर चेहऱ्याच्या ओळखीवरून भ्रमणध्वनीद्वारे दाखला देण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. घरातील तरुणांनी ती करून द्यावी. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षे व त्यावरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही सांगावे. आणि हे सारे करताना त्यांचा ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नये, ही समजही त्यांना प्रेमाने द्यावी. एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी त्यामुळे वाचू शकते.

आणि दोघांसाठीही : दिवस संपताना पाच मिनिटे, केवळ पाचच मिनिटे, भ्रमणध्वनी दूर ठेवून शांत बसावे आणि दिवसाचा ताळा लावावा.

थकबाकी आणि जमा

त्या वर्षी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी रोखपालांनी मला सहकुटुंब घरी बोलाविले होते. ओसरीवर मुलांनी मातीचा, गवताचा सुंदर गोठा उभारला होता. मधोमध लाकडी गव्हाण आणि तीत महिनाभराचा पेंढा. फार नव्हता, तळाची फळी अधूनमधून दिसत होती. खोटी नोंद कुणी केली नव्हती, याची ती साक्षच होती.

त्यांनी जुडीतून एक काडी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी मागे सरले. म्हटले, “मी कुठे काय चांगले केले? जे आधीच करायला हवे होते, ते उशिरा केले. ते दान नव्हते, ती थकबाकी होती.”

ते क्षणभर थांबले. मग पस्तीस वर्षे रोकड मोजलेल्या त्या माणसाने शांतपणे उत्तर दिले, “थकबाकी भरली, तरी ती खात्यात जमाच होते ना, मॅडम? टाका.”

मी काडी ठेवली. टाकलेली काडी कशाची ते कुणाला सांगायचे नसते, हा त्यांचा नियम या लेखाने मी मोडला आहे, याची मला जाणीव आहे. परंतु मी हे सत्कृत्य म्हणून सांगितलेले नाही. चूक म्हणून सांगितले आहे, आणि चूक सांगायला त्यांच्या नियमाची आडकाठी नसावी.

पुढे माझी बदली झाली. आता माझ्या टेबलाच्या खणात हयातीच्या दाखल्याचे कोरे कागदी नमुने कायम असतात. नोव्हेंबरात एखादे झिजलेले बोट यंत्रावर जुळले नाही, की मी खण उघडते आणि समोरच्या आजोबांना किंवा आजींना म्हणते, “बसा, पाच मिनिटांत होईल.”

सर्व वाचकांना आगमनकाळाच्या आणि येणाऱ्या नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!